कॅन्सर रुग्णांची बाजू मांडायची आहे? गोव्यात मेडिकल रेकॉर्ड, कोडिंग आणि आरोग्य-आकडेवारीचं काम करणाऱ्यांसाठी पहिली वाटचाल

बारा वर्षं मी फोंड्याहून रोज बसने जाऊन एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम केलं. डिस्चार्ज झालेल्या पेशंटची फाईल यायची. ती क्रमाने लावायची, निदानाला कोड द्यायचा, नंबर टाकून रॅकवर ठेवायची.

एक फाईल मात्र रॅकवर गेली तरी मनातून गेली नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पन्नाशीतला माणूस, गालाच्या आत जखम, बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. मी कोड दिला: जागेसाठी सी ०६.०, पेशींच्या प्रकारासाठी ८०७०/३. मग केस पेपर चाळला. पहिल्याच ओळीत डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'तोंडात जखम, आठ महिने.' त्या आठ महिन्यांत तो दोनदा दवाखान्यात जाऊन आला होता. एकदा दाढदुखी समजून गोळ्या घेऊन परतला होता. आणि आमच्या फॉर्मवर 'स्टेज', म्हणजे कॅन्सर किती पसरलाय, हा रकाना कोरा.

ते आठ महिने घरच्यांनी सोसले, डॉक्टरांनी ऐकले आणि ते उपचाराला लागले. मोजले मात्र कुणीच नाहीत. मोजणं हे माझं काम होतं आणि मी फक्त कोड देऊन मोकळी झाले होते.

कॅन्सरसाठी काही करायचं म्हटलं की शिबिर, रॅली, गुलाबी रिबन एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते हवंच. पण रुग्ण उशिरा का येतात, कुठे अडतात, मधूनच उपचार का सोडतात, हे लिहिलेलं असतं आपल्या फायलींत. तिथवर डॉक्टरांचा हात क्वचित पोचतो, पुढाऱ्यांचा तर नाहीच. म्हणून हा लेख आपल्यासारख्यांसाठी. मी जिथे चुकले, तिथे तुम्ही चुकू नये एवढीच इच्छा.

१. आपल्या टेबलावर काय येतं ते आधी ओळखा

कोडिंग करत असाल तर तुमच्याकडे उशीर आणि स्टेज आहे. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या किंवा विम्याच्या काउंटरवर बसत असाल, तर कुठल्या कागदाअभावी कोणाची केस अडते हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. लॅबमध्ये असाल तर नमुना आला कधी आणि रिपोर्ट गेला कधी, या दोन्ही तारखा तुमच्याच संगणकावर असतात.

आरोग्य केंद्रात डेटा एंट्री करणाऱ्यांच्या हातात तर सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. २०२१ पासून 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' मोहिमेत हातात धरायच्या छोट्या उपकरणाने स्तनांची तपासणीही गावोगाव झाली. किती जणांना तपासलं हा आकडा सगळे सांगतात. 'संशयित' ठरलेल्यांपैकी किती जण पुढच्या तपासणीला बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत), खरंच पोचले, हे शोधायला दोन रजिस्टर शेजारी ठेवावी लागतात. ती ठेवायची सवय आपल्याला असते.

२. बाहेर बोलण्याआधी स्वतःची नोंद नीट करा

या पायरीवर मी सर्वांत जास्त रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

*स्टेज.* पुढच्या पानावर स्टेज नसला तरी आत कुठेतरी तो बहुधा असतोच. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीच्या नोंदीत, सर्जनच्या ऑपरेशन नोटमध्ये किंवा सीटी स्कॅनच्या शेवटच्या परिच्छेदात 'टी३ एन१ एम०' (गाठ केवढी, लसिकाग्रंथींत गेली का, दूर पसरली का) असं काहीतरी सापडतं. शोधा, पण अंदाजाने कधीही भरू नका. जिथे सापडत नाही तिथे 'नोंद नाही' असं लिहा. कोरा रकाना आणि 'नोंद नाही' यांत फरक आहे. दुसरं मोजता येतं. 'शंभर फायलींपैकी इतक्यांत स्टेज लिहिलेलाच नाही' हे वाक्य विभागप्रमुखांपुढे ठेवलं की पुढच्या महिन्यापासून लिहिण्यात फरक पडतो. माझ्याकडे पडला. माझं पहिलं यश म्हणाल तर तेच.

*पत्ता.* गोव्यात हा फार मोठा सापळा आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारकडचे रुग्ण इथे येतात आणि पेडण्याच्या, डिचोलीच्या किंवा काणकोणच्या नातेवाइकाचा पत्ता देतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, पत्र कुठे येईल एवढाच विचार असतो. लोकसंख्येवर आधारलेल्या, म्हणजे एका भागातले सगळे रुग्ण मोजणाऱ्या कॅन्सर नोंदणीत मात्र माणूस त्या भागात किमान वर्षभर राहणारा असावा लागतो. म्हणून 'पत्ता काय?' असं विचारू नका. 'गेलं वर्षभर राहता कुठे?' असं विचारा. उत्तर बदललेलं दिसेल.

*नाव.* आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायची चाल आहे. आधारवर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, आणि जुन्या केस पेपरवर माहेरचं. गावकर, नाईक, फर्नांडिस यांची तर गणतीच नाही. एकच रुग्ण गोव्यात निदान करून घेते, शस्त्रक्रिया मुंबईला होते, केमो पुन्हा इथे. नीट जुळवलं नाही तर एकीच्या तीन होतात. नाव, वय, गाव, कॅन्सरची जागा आणि निदानाची तारीख, अशा निदान चार-पाच खुणा जुळवून पाहा.

*निदानाचा आधार.* निदान बायोप्सीने झालं, सुईच्या तपासणीने, नुसत्या स्कॅनवर की फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून, हे लिहाच. नोंदणीचा दर्जा यावरूनच ठरतो. कॅन्सर सुरू कुठे झाला हे कळत असताना घाईत 'सी ८०.९' म्हणजे 'मूळ जागा अज्ञात' टाकणं ही नवख्यांची हमखास चूक. दुसरी तितकीच नेहमीची: यकृतात पसरलेला स्तनाचा कॅन्सर यकृताच्या खात्यात जमा करणं.

*मृत्यूचं कारण.* गोवा या बाबतीत देशात फार पुढे आहे. इथे नोंदलेल्या जवळपास प्रत्येक मृत्यूला डॉक्टरचं कारणाचं प्रमाणपत्र असतं. देशभर मिळून हे प्रमाण २०२० साली २२.५ टक्के होतं. म्हणजे सोन्यासारखी माहिती आपल्या हाताशी आहे. पण फॉर्म ४ वर, म्हणजे त्याच प्रमाणपत्रावर, पहिल्या ओळीत 'हृदयक्रिया बंद' आणि खालच्या ओळी मोकळ्या असल्या, तर त्या माणसाचा कॅन्सर आकडेवारीतून गायब होतो. पहिल्या भागात सगळ्यांत खालच्या ओळीवर मूळ आजार यायला हवा. इंटर्न डॉक्टरांसाठी अर्ध्या तासाचं एक सत्र घ्या, दोन कोरे फॉर्म आणि दोन भरलेले फॉर्म घेऊन. मी घेतलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा कागद कोण वाचतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

३. परवानगी: इथे घाई करू नका

मी घाई केली होती. त्या फाईलनंतर मी आठवडाभर वहीत हॉस्पिटल नंबर, गाव, 'किती महिने' असं टिपत गेले आणि वही घरी नेली. आमच्या सरांना कळलं. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "ही वही बसमध्ये राहिली असती तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती पानं मी त्यांच्यासमोर फाडली. ते रागावले नाहीत, त्यांनीच मला पुढचा रास्त मार्ग दाखवला.

तो मार्ग असा. संस्थाप्रमुखांना लेखी अर्ज द्यायचा. फायलींतून माहिती काढून अभ्यास करायचा असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची. नाव-गाव काढून टाकलेल्या जुन्या नोंदींच्या अभ्यासाला कमिटी बहुधा लवकर मंजुरी देते आणि प्रत्येक रुग्णाच्या संमतीतून सूटही देऊ शकते. पण ते ठरवायचं कमिटीने, आपण नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून काढा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आता आहे. सरकारी नोकरीत असाल तर वृत्तपत्राशी बोलायला सेवा-आचरण नियमांप्रमाणे वेगळी परवानगी लागते.

जमवायचे कागद:

- संस्थाप्रमुखांच्या नावे अर्ज, त्याची पोच असलेली प्रत
- एका पानाचा प्रस्ताव: प्रश्न काय, कुठल्या वर्षांच्या फायली, कोणते रकाने
- मार्गदर्शक डॉक्टरांचं संमतीपत्र. ऑन्कॉलॉजी, पॅथॉलॉजी किंवा प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन विभागातले कुणी असले तर उत्तम
- माहिती गुप्त ठेवण्याचं तुमचं सही केलेलं हमीपत्र
- रकान्यांची कोरी तक्ताप्रत, ज्यात नाव, फोन आणि पूर्ण पत्ता यांना जागाच नाही

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हॉट्सॲपवर कधीही केस पेपरचा फोटो नाही. मदत करायच्या भावनेनेसुद्धा नाही.

४. एकच प्रश्न घ्या

'गोव्यातला कॅन्सर' हा प्रश्न नव्हे. 'तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला पहिल्या त्रासापासून बायोप्सीपर्यंत किती दिवस लागले?' हा प्रश्न. 'संशयित ठरलेल्या शंभर बायकांपैकी किती जणींची मॅमोग्राफी झाली?' हाही.

एका प्रश्नाने काय साधतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच आहे. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी रुग्णाची वाट बघत हॉस्पिटलात बसले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं. नंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. प्रश्न एकच होता: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कुठली तपासणी जीव वाचवते? २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभर त्याचा दाखला दिला जातो. एवढ्या बायकांपैकी कोणाला कॅन्सर झाला आणि कोण दगावली, हे वर्षानुवर्षं नेमकं नोंदणारी माणसं नसती तर तो निष्कर्ष निघालाच नसता. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. काम मात्र आपलंच आहे.

५. मोजताना

साधनं साधीच लागतात: एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस. नोंदणीचं काम समजून घ्यायचं असेल तर फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचं कॅनरेग५ हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. आपल्या देशात आयसीएमआरचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम बंगळुरूच्या एनसीडीआयआर या त्यांच्याच संशोधन केंद्रातून चालतो. त्यांचे अहवाल खुले आहेत आणि व्याख्या कशा करायच्या हे त्यांतून शिकता येतं.

आता सापळे.

हॉस्पिटलच्या आकड्यावरून 'गोव्यात कॅन्सर किती' हे सांगता येत नाही. आपल्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या रुग्णांपैकी वीस टक्के तोंडाचे असले, तर त्याचा अर्थ आपल्या दारात येणाऱ्यांपैकी वीस टक्के, एवढाच. जे मुंबईला, मणिपालला, बेळगावला गेले ते यात नाहीत. जे कुठेच गेले नाहीत तेही नाहीत.

गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती. तालुक्यावर आलं की आकडे फारच लहान होतात. तीनाचे सहा झाले तर 'दुप्पट' हा शब्द खरा असूनही फसवा. निदान तीन वर्षांची सरासरी घ्या. तुलना करायची असेल तर वयाचा हिशेब घेतलेला, म्हणजे वयप्रमाणित दर लागतो. आपल्याकडे म्हातारी माणसं बहुतेक राज्यांपेक्षा जास्त आहेत आणि कॅन्सर वयाबरोबर वाढतो. हे न पाहता केलेली 'गोवा विरुद्ध अमुक राज्य' अशी मांडणी कुणीही पहिल्या मिनिटाला खोडून काढेल, आणि मग तुमचं खरं म्हणणंही कुणी ऐकणार नाही.

तपासणी मोहीम सुरू झाली की नोंदलेले रुग्ण वाढतात. तो आजार वाढल्याचा पुरावा नव्हे. डिचोली, सांगे, सत्तरीकडे 'खाणींमुळे वाढला का?' हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारतील. तो रास्त प्रश्न आहे, लोकांनी ती धूळ खाल्ली आहे. पण हॉस्पिटलच्या फायली मोजून त्याचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. कॅन्सर व्हायला दशकं लागतात, आणि माणूस कुठे किती वर्षं राहिला हे केस पेपरवर नसतं. तसंच सांगा. लोक समजून घेतात.

शेवटची गोष्ट, पाचपेक्षा लहान आकडा तालुक्याच्या खाली कधी दाखवू नका. का, ते आठव्या पायरीत येईल.

६. आकडा घेऊन कोणाच्या दारात जायचं

पहिलं दार आपल्याच संस्थेचं. विभागप्रमुख, मग संस्थाप्रमुख. त्यांना बाहेरून कळलं तर ते दुखावतात आणि पुढची फाईल तुमच्या हाती येत नाही.

दुसरं, पणजीत कांपालला आरोग्य संचालनालयातला असंसर्गजन्य आजारांचा विभाग. जाताना दोन पानं न्या, वीस नव्हे. पहिल्या पानावर एक आलेख आणि एक मागणी. मागणी त्यांना करता येण्यासारखी हवी. 'कॅन्सर थांबवा' ही मागणी नव्हे. 'संशयित रुग्णाला बांबोळीला पाठवताना चिठ्ठीची दुसरी प्रत केंद्रात ठेवा आणि तीस दिवसांनी फोन करा' ही मागणी.

तंबाखूचा विषय असेल तर तयारीने जा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणारे ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी निघाले होते. ते तुमच्यापुढे हे ठेवणारच. त्यावर वाद घालू नका. कमी आहे हे चांगलंच आहे. पण जे आहेत ते उशिरा येतात, हा तुमचा मुद्दा. आपला मुद्दा उशिराचा.

तिसरं, तुमचे आमदार. पर्वरीच्या विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाला, आपण ज्याला 'एलएक्यू' म्हणतो त्याला, खात्याकडून लेखी उत्तर मिळतं आणि ते सभागृहाच्या पटलावर येतं. आमदारांना प्रश्न नेमका कसा विचारायचा हे सांगणारं माणूस हवंच असतं. 'किती जणांना तपासलं' एवढं विचारलं तर तेवढंच उत्तर येतं. 'तालुकावार किती तपासले, किती संशयित, त्यांतल्या कितींचं निदान पक्कं झालं, किती दिवसांत' असं विचारलं तर चित्र दिसतं. हा प्रश्न लिहून देणं हे आपल्या शिक्षणाचं चीज आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मात्र आपल्याच कार्यालयाला अर्ज टाकण्याआधी साहेबांना तोंडी विचारून बघा. अर्ध्या वेळा कागद तसाच मिळतो. आणि अर्जात रुग्णांची वैयक्तिक माहिती कधीही मागू नका.

मराठी दैनिकं गोव्यात घराघरात वाचली जातात. परवानगी असेल तर सहाशे शब्दांचा लेख लिहा, एक आकडा आणि एक माणूस घेऊन. मथळा त्यांच्यावर सोडू नका, स्वतः सुचवा. 'गोवा कॅन्सरच्या विळख्यात' असा मथळा आला की लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस तपासायला येत नाही.

७. फाईल लावून द्या

हे काम कुठल्याही आकड्याशिवाय, उद्यापासून करता येतं, आणि माझं सर्वांत आवडतं आहे.

निदान झाल्यावर घरचे गोंधळलेले असतात. "आता टाटाला जायचं," एवढंच कळलेलं असतं. कोकण रेल्वेचं तिकीट काढतात, ओळखीच्या कुणाकडे तरी राहायची सोय लावतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून निघतात. तिथे गेल्यावर कळतं, बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, गोव्यातच राहिला. मग कुणीतरी रात्रभर प्रवास करून परत येतं. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा असा येऊन गेला, ब्लॉकची एक छोटीशी डबी न्यायला.

निघण्याआधी पिशवीत असावं:

- पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट, आणि त्या तपासणीचे मेणाचे ब्लॉक व काचपट्ट्या. लॅबमध्ये लेखी अर्ज करून मिळतात, तयार व्हायला दिवस लागतात
- सीटी, एमआरआय, मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही
- आजवरची डिस्चार्ज कार्डं, तारखेच्या क्रमाने
- केमो झाला असेल तर औषधाचं नाव, मात्रा आणि तारखा
- आधार कार्ड, रहिवासी दाखला, दीनदयाळ योजनेचं कार्ड
- सगळ्याच्या दोन झेरॉक्स, वेगळ्या फोल्डरमध्ये

पहिल्या पानावर एका कागदावर तारीखवार घटना लिहून द्या: कधी त्रास सुरू झाला, कुठे दाखवलं, काय सांगितलं. डॉक्टर तोच कागद आधी वाचतात.

पैशाचंही सांगा. दीनदयाळ योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण ठरवलेलं आहे. गोमेकॉत न होणाऱ्या उपचारासाठी सरकारची मेडिक्लेम योजना आहे. दोन्हींचा अर्ज उपचार सुरू होण्यापूर्वी करायचा, नंतर नाही. नावातली तफावत इथेही अडवते, म्हणून लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं असल्याचा कागद आधीच करून ठेवायला सांगा.

८. गावात बोलताना

इतर राज्यांसारखी आशा कार्यकर्त्यांची साखळी गोव्यात नाही. आपल्याकडे अंगणवाडीच्या ताई, एएनएम (आरोग्य केंद्राच्या नर्स), महिला मंडळं आणि बचत गट आहेत. त्यांच्यामार्फत जा. देवळातल्या हळदीकुंकवाला, भजनी सप्ताहाआधीच्या बैठकीला, ग्रामसभेला दहा मिनिटं मागून घ्या. पावसाळ्यात आणि चवथीच्या आठवड्यात कुणाला वेळ नसतो.

एका गावात मी देवळाच्या सभामंडपात बोलत होते. गावाचं नाव न घेता 'एका वाड्यावरची चाळिशीतली बाई, दोन मुलं, स्तनात गाठ, वर्षभर कुणाला सांगितलं नाही' असं उदाहरण दिलं. मला वाटलं, मी पुरेसं झाकलंय. मागून एक म्हातारी कोकणीत म्हणाली, "बाय, ती आमच्या वाड्यार आशिल्ली तीच न्हय गो?" सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ती ती नव्हती. पण त्या वाड्यावर तशी एक होती, आणि त्या संध्याकाळपासून तिच्याकडे बघायची नजर बदलली. आजही ते आठवलं की जीव कासावीस होतो. गोवा लहान आहे. वय, मुलं आणि वाडा या तीन गोष्टी इथे नावापेक्षा कमी नाहीत.

तेव्हापासून मी दुसऱ्याची गोष्ट सांगत नाही. बऱ्या झालेल्या बायकांपैकी जिला स्वतः बोलायचं असेल तिला सोबत नेते. आधी घरी बसून बोलतो, काय सांगायचं आणि काय नाही ते तीच ठरवते, आणि ऐन वेळी नको म्हणाली तर नको. ती बोलते. मी फक्त शेवटी उभी राहून सांगते की तपासणी कुठल्या वारी, कुठल्या केंद्रात, किती वाजता. तीन आठवडे न भरणारी तोंडातली जखम, न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, एवढ्या तीनच खुणा. जास्त सांगितलं की एकही लक्षात राहत नाही.

९. कधी सुरू करायचं

४ फेब्रुवारी जागतिक कॅन्सर दिन, ३१ मे तंबाखूविरोधी दिन, ७ नोव्हेंबर राष्ट्रीय कॅन्सर जागृती दिन. या तारखांच्या आसपास साहेब, आमदार, संपादक सगळे ऐकायच्या मनःस्थितीत असतात. पण परवानगीला दोन-तीन महिने जातात. म्हणजे फेब्रुवारीत बोलायचं असेल तर अर्ज दिवाळीआधी गेला पाहिजे.

अर्ज लांबलचक नको. मी दिलेला साधारण असा होता, हवा तर जसाच्या तसा वापरा:

'माननीय महोदय, मी आपल्या संस्थेत मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. गेल्या तीन वर्षांत तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णांच्या फायलींतून, पहिल्या त्रासापासून बायोप्सीपर्यंत लागलेले दिवस आणि निदानावेळचा स्टेज, एवढ्याच दोन गोष्टी मोजायची परवानगी मिळावी. नाव, पत्ता, फोन यांपैकी काहीही टिपलं जाणार नाही. काम कार्यालयीन वेळेनंतर, विभागातल्याच संगणकावर होईल आणि कुठलाही कागद बाहेर जाणार नाही. निष्कर्ष प्रथम आपल्याकडे सादर करीन. सोबत रकान्यांची कोरी तक्ताप्रत आणि गुप्ततेचं हमीपत्र जोडलं आहे.'

खाली सही, तारीख आणि आवक विभागाचा शिक्का. शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा, आणि पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.